दादाच्या गाडीपुढे कापूर नको

दादाचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी पाहुणे निघून गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, येत्या रविवारी गाडी काढायची. जोतिबाला जायचं. आणि या वेळी तिची पूजा नीट करायची, कापूर लावून."

मी पत्रावळी गोळा करत होतो. 'कापूर' ऐकलं आणि हात थांबला. वहिनींनी ते पाहिलं नाही. त्या लेकीला पुण्याहून शनिवारीच यायला सांगत होत्या, कारण गाडी तीच चालवणार होती. मला गाडी येत नाही. मी 'बरं' म्हणालो.

त्या 'बरं'ने माझा पुढचा आठवडा खाल्ला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. उद्यमनगरात त्याची अॅल्युमिनियम ओतायची लहानशी भट्टी होती. पंपांचे, मोटारींचे भाग तो ओतून द्यायचा. साठी उलटल्यावर भट्टी बंद केली आणि घरामागच्या शेडमध्ये, जुन्या पेट्रोलच्या गाडीत डोकं घालून बसला. मागच्या वर्षी एका दुपारी जेवून आरामखुर्चीत टेकला, तो उठलाच नाही. गाडीचा त्याच्या जाण्याशी काहीही संबंध नव्हता. पण वहिनींच्या मनात तो होता. तेराव्यानंतर त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "चार वर्सं त्या गाडीला कुणी ओवाळलं न्हाई. नजर राहिली."

ते खरं होतं. खंडेनवमीला आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत प्रत्येक दारात गाड्या धुऊन उभ्या असतात. झेंडूचे हार, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू, पुढे ताटलीत कापूर आणि मग नारळ. दादा हार घालायचा, हळदकुंकू लावायचा आणि तिथेच थांबायचा. नारळही दहा पावलं लांब, गेटबाहेरच्या दगडावर. वहिनी कापूर घेऊन आल्या की म्हणायचा, "गाडीपुढे कापूर नको." उदबत्तीसुद्धा नको. शेजारचे म्हणायचे, म्हातारपणी नास्तिक झाला. वहिनी कापराची डबी मिटून आत जायच्या आणि दिवसभर मोजकंच बोलायच्या.

कारण फक्त मला माहीत होतं. आणि त्या कारणाची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

मी शाहूपुरीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. भट्टी बंद झाल्यावर दादा संध्याकाळी तिथे यायला लागला. त्याला इंग्रजी अडखळत वाचता यायचं, म्हणून परदेशी मासिकांतलं काही त्याला आवडेलसं दिसलं की मी टेबलाशी बसून मराठीत सांगायचो. एकदा हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींवर मोठा लेख आला होता. मी सांगत गेलो. या गाडीला धूर नाही. मागच्या नळीतून निघतं ते पाणी, नुसती वाफ. बॅटरीच्या गाडीला तासन्‌तास चार्ज करत बसावं लागतं, हिची टाकी पेट्रोलसारखी पाच-सात मिनिटांत भरते. एका टाकीत ती कोल्हापूरहून मुंबई गाठेल. जड ट्रकना, लांबच्या बसना हेच इंधन उद्या चालेल. आणि मूळ कच्चा माल काय, तर पाणी.

दादा टेबलावर पुढे झुकला होता. त्याच्या कपाळावर भट्टीच्या ठिणगीचा जुना डाग होता, दिव्याखाली तो चमकत होता. तो म्हणाला, "अरे, ह्याच वायूनं मला जन्मभर छळलंय की!"

मला तेव्हा कळलं की वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये ओलाव्यातून हायड्रोजन शिरतो आणि धातू थिजताना बाहेर पडायला बघतो. बाहेर पडला नाही तर आत सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. पावसाळ्यात दादाचा अर्धा माल या छिद्रांनी परत यायचा. "दिसत न्हाई, वास न्हाई, आत जाऊन बसतोय. आणि आता म्हणं गाडी चालवणार," तो म्हणाला. पण चेहरा मात्र असा, की जन्माचा वैरी दारात आला आहे आणि हातात मिठाई आहे.

लेखाचा दुसरा अर्धा भाग अडचणींचा होता. मी तो आधी डोळ्यांखालून घातला होता. दादाचा चेहरा पाहिला आणि मासिक मिटलं. "उरलेलं उद्या सांगतो," म्हणालो. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दादा आलाच नाही. तो शेडमध्ये स्टीलचे पत्रे कापत बसला होता.

त्यानं जे बनवलं ती हायड्रोजनची गाडी नव्हती. खऱ्या गाडीत वायू जाड टाकीत दाबून भरलेला असतो आणि त्याची वीज होऊन मोटर फिरते. दादाचं यंत्र साधं होतं. बॉनेटखाली स्टीलच्या पत्र्यांचा एक डबा, त्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे कातडी भाजणारा क्षार, घातलेलं पाणी. गाडीच्या बॅटरीची वीज त्यातून गेली की पाणी फुटायचं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र वर यायचे, एका पारदर्शक बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे होऊन जायचे आणि नळीनं इंजिनात. पेट्रोलच्या जोडीला. डॅशबोर्डखाली त्यानं वेगळं बटण बसवलं होतं, थेट बॅटरीला जोडलेलं, लाल चिकटपट्टी लावलेलं. गाडी थांबली की आधी ते बटण बंद, मग किल्ली. हे त्यानं फक्त मला दाखवलं.

"हे दोन वायू एका नळीत," मी म्हणालो. "एक ठिणगी पडली तर?"

"म्हणून तर कापूर नको," तो म्हणाला. "वहिनीला बोलू नकोस. ती बसायची न्हाई गाडीत."

मी त्याला उरलेला लेख चार महिन्यांनी सांगितला. गाडीत बसूनच. पाणी फोडायला जेवढी वीज लागते तेवढी परत कधीच मिळत नाही. सध्या बराचसा हायड्रोजन पाण्यातून नव्हे, जमिनीतल्या वायूपासून काढतात, म्हणजे धूर गाडीच्या मागून नाही तर दूरच्या कारखान्यातून निघतो. तो इतका हलका की गाडीत मावण्यासाठी त्याला शेकडो पट दाबावं लागतं. इतका बारीक की जिथून दुसरं काही गळत नाही तिथून हा गळतो. पोलादात शिरून पोलाद ठिसूळ करतो. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. आणि भरायचा म्हटला तर पंप कुठे आहेत?

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "ह्यातलं मला काय नवीन हाय? डायनामो इंजिनावरच फिरतोय. इंजिन पेट्रोल खातंय. मी ह्या हातानं घालतोय आणि त्या हातानं काढतोय. उलट थोडं जास्तच खाती गाडी."

"मग काढून टाक ना."

त्यानं काचेतून बाहेर बघितलं. "पस्तीस वर्सं उद्यमनगरच्या त्या गल्लीत भट्टीचा धूर सोडला रे मी. एक चमचाभर तरी पाणी सोडून जावं वाटतंय."

 नंतर तो गेला, शेडचं शटर खाली आलं, आणि मी ठरवलं की हा विषय शटरबरोबरच बंद झाला.

आता ते शटर रविवारी उघडणार होतं.

सांगायचं म्हटलं तर वाक्यं दोनच होती. पहिलं, त्या बॉनेटपाशी ज्योत नेऊ नका. पण ते सांगितलं की वहिनी विचारणार, का? आणि मग दुसरं वाक्य आलंच, की दादाला हे माहीत होतं आणि तरी चार वर्षं त्यानं तुम्हाला त्या गाडीत बसवलं. ज्या बाईनं वर्षभर नवऱ्याचा चष्मा रोज पुसून ठेवला तिला मी हे कुठल्या तोंडानं सांगणार? सोमवारी वाटलं, उद्या सांगू. मंगळवारी वाटलं, वर्षभर बंद गाडी, बॅटरी मेलेली, डब्यातलं पाणीही आटलं असेल. वीज नाही तर वायू नाही. उगीच कशाला? बुधवारी मी घरातली जुनी रसायनशास्त्राची पुस्तकं काढली. त्यांनी दिलासा दिला नाही. गुरुवारी वहिनींच्या दारापर्यंत गेलो. त्या पितळी आरती घासत होत्या. म्हणाल्या, "बघा, पाच वर्सांनी हिला काम लागलं." मी चहा पिऊन परत आलो.

शनिवारी दुपारी वहिनींचा फोन आला. शेजाऱ्यांनी एक गॅरेजवाला पाठवला होता. त्यानं बॅटरीत पाणी घातलं आणि ती जागेवरच चार्जिंगला लावून गेला. "रातभर ऱ्हाऊ दे म्हणाला. आणि इंजिनाजवळ कसला डबा हाय, कोरडा पडलाय म्हणाला, त्यातबी आणि शेजारच्या बाटलीतबी पाणी भरलंय त्यानं. कूलंटचा असंल."

मी फोन कानाशी धरून उभा राहिलो. डब्यात कॉस्टिकची खरवड नक्कीच उरली असणार. त्यात आता पाणी. बॅटरीला वीज. राहिलं फक्त लाल पट्टीचं बटण. ते दादानं बंदच ठेवलं असणार, नेहमीसारखं. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्याचा अर्थच उरला नाही.

रविवारी सात वाजताच मी निघालो. कोचिंग क्लासची मुलं सायकली लावत होती, चहाच्या गाडीवर गर्दी होती. सगळं नेहमीसारखं होतं आणि मला त्याचा राग येत होता. वहिनींच्या मागच्या अंगणात ताट तयार होतं. झेंडूचा हार, लिंबं, नारळ, हळदकुंकू, आणि घासून लखलखीत केलेल्या आरतीत कापराच्या पाच वड्या. शेजारी काडेपेटी. पुतणी केस बांधत उभी होती. ती पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, पण वडलांच्या या डब्याबद्दल तिलाही माहीत नव्हतं.

शेडचं शटर खालीच होतं. मी वर बघितलं. छपराच्या अगदी खाली दादानं दोन जाळ्या बसवून घेतल्या होत्या. सगळ्यांना वाटायचं उकाड्यासाठी. हायड्रोजन वर जातो, वाट मिळाली की क्षणात निघून जातो, म्हणून त्या होत्या. दोन्ही जाळ्यांत पोती कोंबलेली होती.

"ही पोती कुणी लावली?"

"मीच की," वहिनी म्हणाल्या. "पारवं आत शिरून गाडीवर घाण करत होती. ह्यांची गाडी, तशीच ठेवायची व्हय?"

त्यांनी काडेपेटी उचलली. "शटर वर कर गं. आधी दारातच ओवाळते, मग बाहेर घ्या."

"वहिनी, काडी ओढू नका."

 पुतणीचा हात शटरच्या कडीवर थांबला. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमीबी तेच म्हणायला लागला? का ओ, घराण्यालाच कापराचं वावडं हाय का?"

मग मी सांगितलं. उभ्याउभ्या, अंगणात, नीट जुळणी न करता. डबा, दोन वायू, बाटली, बटण. पुतणीनं मध्येच दोन प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून तिनं आईच्या हातातून काडेपेटी घेतली आणि ती घरात, पार स्वयंपाकघरात ठेवून आली. चार्जरची वायर घरातल्या खोलीतून आली होती, त्या प्लगचं बटण तिनं तिथूनच बंद केलं. मी शिडी आणून दोन्ही पोती ओढून काढली. शिडी खालून वहिनींनी धरली. मग पुतणीनं शटर हळूहळू, हातभर हातभर वर केलं. लोखंडावर लोखंड घासत होतं आणि प्रत्येक खरखरीला मी ठिणगी शोधत होतो.

वारा आत जाऊ दिला. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. पुतणी म्हणाली, "काका, पुरे आता. तो थांबणारा वायू नाही." तिनं बॉनेट उघडलं.

बाटलीत बुडबुडे येत होते.

बारीक, शांत, एकामागून एक. माशाच्या टाकीत येतात तसे. इंजिनाकडे जाणारी रबराची नळी वर्षभरात चिरून सुटली होती आणि तिचं तोंड बॉनेटखाली मोकळं पडलं होतं. पुतणीनं गाडीत वाकून लाल पट्टीचं बटण बंद केलं. तेवढ्यातही एक ठिणगी पडतेच, हे मला माहीत होतं. मी डोळे मिटले. काही झालं नाही. उघडले तेव्हा शेवटचे दोन-तीन बुडबुडे वर येत होते.

"फार मोठं काही झालं नसतं," पुतणी म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. "पण ही बाटली फुटली असती. आत डब्यातून आलेलं कॉस्टिक आहे. आई वाकून ओवाळत असती तर सगळं डोळ्यांत."

तिनं गॅरेजवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "ते लाल पट्टीचं बटण तुम्ही चालू केलंत का?"

"व्हय की. सगळी बटणं दाबून बघितली. हॉर्न वाजला, वायपर फिरला, त्या लालनं कायच झालं न्हाई. म्हटलं बिघडलंय, ऱ्हाऊ दे तसंच."

"या आणि हा डबा काढून न्या. आत्ता."

"पूजा झाली का ताई? नारळ ठेवा माझ्यासाठी."

 वहिनी ओट्यावर बसल्या. ताट मांडीवर.

"ह्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"आणि आमाला बसवलं त्यात."

याचंच भय मला आठवडाभर होतं. मी बचावाचं काहीतरी जुळवत होतो, की चालत्या गाडीत धोका कमी होता, की तो बटण कधी विसरला नाही. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"काच," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूची काच कधी वर करू द्यायचे न्हाईत. पावसातबी. पन्हाळ्याला गेलतो तवा निम्मी साडी भिजली माझी. किती भांडले मी. ते म्हणायचे, वारं लागू दे." त्या गाडीकडे बघत होत्या. "सांगायचं की मला. सांगितलं असतं तरी मी बसलेच असते."

मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुमी? तुमाला ठाऊक होतं. माझं सोडा. आज ही पोरगी माझ्या शेजारी उभी ऱ्हाणार होती."

 मी म्हणालो, "वहिनी, हे वेड त्याच्या डोक्यात मीच घातलं. अर्धा लेख वाचून दाखवला. गुणांचा. दोषांचा भाग राखून ठेवला, त्याचा चेहरा बघून." आणि हे सांगताना मला दिसलं की या आठवड्यातही मी तेच केलं होतं. चेहरा बघून गप्प बसलो होतो.

"काय होतं त्या लेखात?"

"आता कशाला?"

"चार वर्सं मी ज्याच्यावर रुसले ते काय होतं ते तरी कळू दे की."

गॅरेजवाला यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी ओट्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं. आधी दोष, मग गुण. पाणी फोडायचा खर्च, दाबायची टाकी, गळती, न दिसणारी ज्योत, दूरचा धूर. मग पाच मिनिटांत भरणारी टाकी, लांबचा पल्ला, मागच्या नळीतून येणारं पाणी. पुतणी म्हणाली की त्यांच्याकडेही बस आणि ट्रकसाठी यावर काम चाललं आहे, चांगले लोक लागले आहेत, आणि लहान गाडीत हे परवडेल असं छातीठोक कुणीच सांगत नाही. वहिनी मधूनमधून विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे निघणार फक्त पाणी. पण ते निघायला आधी सगळं जाळायचं."

"सध्या तरी तसंच."

"ह्यांच्यासारखंच हाय. घरात शांत माणूस, आणि भट्टीवर दिवसभर आग."

गॅरेजवाला मिस्त्री आला. त्यानं डबा, बाटली, नळ्या काढल्या, तारांची टोकं बांधली, आणि डबा उन्हात धरून बघत म्हणाला, "पण वेल्डिंग बघा की! असं आता कोण करतंय?" पुतणीनं बाटलीतलं पाणी सांभाळून ओतून दिलं. डबा मी मागून घेतला. तो आता माझ्या टेबलाखाली आहे, उघडा, कोरडा. अजूनही त्या खोलीत काडी ओढायची वेळ आली तर मी बाहेर जातो. त्यात काही नाही हे मला माहीत आहे. माहीत असून माझं भय जात नाही.

गाडी बाहेर आली. पुतणीनं हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. "आई, आता लाव कापूर. आता काही भीती नाही." ती काडेपेटी आणायला आत निघाली.

वहिनींनी आरतीतल्या पाच वड्या उचलून डबीत घातल्या आणि झाकण लावलं.

"गाडीपुढे कापूर नको," त्या म्हणाल्या.

त्यांनी तांब्या भरून आणला, गाडीवरून तीनदा ओवाळला आणि पाणी पुढच्या चाकावर ओतलं. नारळ मिस्त्रीनं फोडला, दहा पावलं लांब, गेटबाहेरच्या दगडावर. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मी बोट दाखवलं तेवढंच.

जोतिबाच्या चढाला मी मागे बसलो होतो. वहिनी पुढे, दादा चालवायचा तेव्हा बसायच्या तिथेच. वारा जोराचा होता, पदर सारखा उडत होता. पुतणीनं तिच्या बाजूच्या बटणानं आईची काच वर घ्यायला सुरुवात केली. वहिनींनी काचेच्या कडेवर हात ठेवला.